ड्रग टेस्टची भीती : पट्टी काय सांगते आणि काय सांगत नाही

"ताई, पंधरा दिवसांपूर्वी एकदाच ओढला होता. परवा जॉइनिंगचं मेडिकल आहे. टेस्टमध्ये येईल का?"

वस्तीत तरुणांबरोबर काम करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न आता नवा नाही. विचारणारा बहुधा वीस-पंचवीस वयाचा असतो. कुणाला गोदामात फोर्कलिफ्ट चालवण्याचं काम मिळालेलं असतं, कुणाला विमानतळावर, कुणी कर्ज काढून मर्चंट नेव्हीचा कोर्स केलेला असतो. दर महिन्याला बँकेत पगार जमा होणारा घरातला तो पहिलाच माणूस असणार असतो. त्यामुळे भीती नुसती नोकरी जाण्याची नसते. आईला कळेल, विहारात कळेल, ज्या दादाने शब्द टाकून नोकरी लावली त्याला तोंड कसं दाखवायचं, याची ती असते.

हा प्रश्न घरी विचारता येत नाही आणि वंदनेनंतर भन्तेजींनाही विचारता येत नाही. म्हणून तो मोबाइलला विचारला जातो, आणि मोबाइल 'चोवीस तासांत शरीर साफ' करणारं पेय विकतो. टेस्ट कशी चुकवावी हे सांगण्यासाठी हा लेख नाही. टेस्ट म्हणजे काय, तिच्यासमोर आपला हक्क काय, आणि पाचवं शील घेतलेल्या समाजाने अशा मुलाशी कसं वागावं, एवढंच इथे मांडायचं आहे.

पट्टीला नेमकं काय सापडतं

गांजात नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. तो पाण्यात नाही, चरबीत विरघळतो. सगळा फरक इथेच पडतो. दारू पाण्यात मिसळते आणि साधारण दिवसभरात शरीरातून निघून जाते. टीएचसी मात्र चरबीच्या पेशींत जाऊन बसतो आणि तिथून थोडा थोडा सुटत राहतो. यकृत त्याचं रूपांतर करतं आणि लघवीत उतरतो तो त्याचा अवशेष. पट्टी ओळखते ती या अवशेषाला. या अवशेषाने नशा येत नाही.

म्हणजे लघवीची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तिचा अर्थ इतकाच, की या माणसाच्या शरीरात मागे कधीतरी गांजा, चरस किंवा भांग गेली होती. तो आत्ता नशेत आहे, काल कामावर नशेत होता किंवा तो व्यसनी आहे, यातलं काहीही पट्टी सांगत नाही. कंपन्यांचे एचआरवाले आणि ठेकेदार मात्र हे तिन्ही अर्थ एकाच रेघेतून काढतात.

पहिल्या तपासणीत प्रचलित मर्यादा एका मिलिलीटरला ५० नॅनोग्रॅम असते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. त्यापेक्षा कमी असेल तर निगेटिव्ह. एकदाच ओढणाऱ्याच्या लघवीत हा अवशेष या मर्यादेच्या वर साधारण तीन दिवसांपर्यंत राहतो. आठवड्यातून दोन-चारदा ओढणाऱ्याचे पाच ते सात दिवस धरा, रोज ओढणाऱ्याचे दहा-पंधरा. वर्षानुवर्षं दिवसातून अनेकदा ओढणाऱ्याला महिना किंवा त्याहूनही जास्त लागू शकतो. हे आकडे ढोबळ आहेत. अंगातली चरबी, मालाचा कडकपणा, प्रत्येकाचं शरीर यांप्रमाणे ते मागेपुढे होतात. लाळेत खूण एक-दोन दिवस राहते, केसांत तीन महिन्यांपर्यंत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लघवीच घेतली जाते, कारण ती स्वस्त पडते.

तेव्हा ज्याने पंधरा दिवसांपूर्वी खरोखर एकदाच ओढला, त्याला घाबरण्याचं फारसं कारण नाही. पण 'एकदाच' हा शब्द आमच्या मुलांच्या तोंडी फार लवचीक असतो. दोन प्रश्न जास्त विचारले की 'एकदाच' म्हणजे दर शनिवारी, आणि मग 'झोप येत नसली की रात्री' असं निघतं. दिवस मोजण्याआधी हे स्वतःशी खरं करून घ्यावं लागतं.

मी तर ओढलाच नाही

हे वाक्य नेहमी खोटं नसतं. भांगेचंच बघा. अंमली पदार्थविषयक एनडीपीएस कायद्यात, म्हणजे १९८५च्या कायद्यात, गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्याच्या शेंड्यांपुरती आहे; नुसती पानं त्या व्याख्येबाहेर राहतात. म्हणून भांगेचा कारभार राज्यांच्या कायद्यांवर सोडलेला आहे. पण पट्टीला कायदा कळत नाही. पानांतही टीएचसी असतो. ऑफिसच्या होळीत थंडाईचा ग्लास घेतलेला मुलगा त्याच ऑफिसच्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह येऊ शकतो. झोपेसाठी किंवा सांधेदुखीसाठी ऑनलाइन मिळणारी 'विजया' असलेली आयुर्वेदिक तेलं आणि गोळ्या, यांचंही तेच. विजया म्हणजे भांगच.

दुसऱ्याच्या धुराने पॉझिटिव्ह येतं का? उघड्यावर, गच्चीवर, चौकात शेजारी उभं राहिल्याने ५० नॅनोग्रॅमची मर्यादा ओलांडणं जवळजवळ अशक्य. हवा खेळत नसलेल्या बंद खोलीत धुराचा लोट असताना बराच वेळ बसलं तर काही तासांपुरतं तसं होऊ शकतं, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. पण अशा खोलीत बसलेल्याने 'मी फक्त बसलो होतो' म्हणणं कोण मानणार?

औषधांचा मुद्दा मात्र गंभीर आहे. पित्तासाठी घेतल्या जाणाऱ्या पॅन्टोप्राझोलमुळे पहिली पट्टी क्वचित खोटी पॉझिटिव्ह येते. औषधाच्या माहितीपत्रकातही तशी नोंद आहे. एफाविरेन्झ या एचआयव्हीवरच्या औषधामुळेही असं झालेलं आहे. हे औषध पूर्वी सर्रास दिलं जायचं, आता कमी झालंय. विचार करा, आपल्यावरचा गांजाचा आळ दूर करण्यासाठी एखाद्याला एचआरसमोर स्वतःचा एचआयव्ही सांगायची वेळ आली तर! २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार कुणालाही त्याच्या संमतीशिवाय अशी माहिती उघड करायला भाग पाडता येत नाही. त्याने औषधाचं नाव घ्यायची गरजच नाही. "मला कन्फर्मेटरी टेस्ट हवी," एवढंच लेखी मागावं.

ही दुसरी टेस्ट वेगळ्या यंत्रावर होते. प्रयोगशाळेत तिला जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस म्हणतात. ती अवशेषाचा रेणूच ओळखते, म्हणून पित्ताच्या गोळीला फसत नाही. तिची मर्यादा साधारण १५ नॅनोग्रॅम असते. खऱ्या पॉझिटिव्हला ती वाचवत नाही, खोट्या पॉझिटिव्हला वाचवते. नुसत्या पट्टीवर कुणालाही काढून टाकणं चूक आहे, आणि ठेकेदारीच्या कामात नेमकं तेच होतं. पट्टी बघितली, गेट पास काढून घेतला, विषय संपला. हातात कागद काहीच नाही.

जुगाडांबद्दल

लिंबू, व्हिनेगर, हळद, लिटर-लिटर पाणी, 'डिटॉक्स' बाटल्या. यांतल्या कशानेही चरबीतला टीएचसी धुऊन निघत नाही. पाण्याने लघवी पातळ होते, पण प्रयोगशाळा क्रिएटिनिन आणि लघवीची घनता तपासते आणि नमुना 'डायल्यूट' म्हणून परत पाठवते. एका दमात फार पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरून माणूस दवाखान्यात पोचतो, ते वेगळंच. नियासिनच्या गोळ्या भरमसाठ खाऊन यकृत बिघडवून घेतलेलेही आहेत. दुसऱ्याची लघवी नेली तर तापमान बघितलं जातं. आणि नमुन्यात फेरफार सापडली की ती कंपनीच्या लेखी फसवणूक ठरते. त्यावर नंतर कुठलीही बाजू मांडता येत नाही.

गांजा ओढला तेव्हा पाचवं शील मोडलं होतं. मित्राची लघवी बाटलीत भरून नेली की चौथंही मोडतं. असं सांगितलं की मुलं हसतात, पण बाटलीचा विचार सोडून देतात.

टेस्ट कुणाची, सूट कुणाला

माझ्या मते विमान, जहाज, क्रेन, बस, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांची टेस्ट व्हायला हवी. त्यात इतरांचा जीव गुंतलेला आहे. विमान वाहतूक महासंचालनालयाने ३१ जानेवारी २०२२पासून ती लागू केली आहे. कंपनीने दरवर्षी किमान १० टक्के वैमानिक-कर्मचारी आणि हवाई वाहतूक नियंत्रक अचानक निवडून तपासायचे. पहिली तपासणी निगेटिव्ह नसेल तर कामावरून बाजूला करून कन्फर्मेटरी टेस्ट करायची. ती पहिल्यांदा पॉझिटिव्ह आली तर माणसाला व्यसनमुक्तीसाठी पाठवायचं. थेट घरी नाही.

आता गोदामातल्या मुलाला ही पद्धत लागू होते का? नाही. खासगी नोकरीत ड्रग टेस्ट कशी करावी याचा देशात एक असा सर्वसाधारण कायदा नाही. ऑफर लेटर, कंपनीचं धोरण आणि स्थायी आदेश यांत जे लिहिलं असेल ते. वैमानिकाला दुसरी संधी नियमातच लिहून मिळते, हेल्परला ती मुकादमाच्या मर्जीवर.

टेस्टचा झुकाव रसायनातच आहे. शनिवारी रात्री भरपूर प्यायलेला सुपरवायझर सोमवारी सकाळी श्वासाच्या यंत्रात साफ येतो. रोज ओढणारा हेल्पर तीन आठवड्यांपूर्वी सोडूनही लघवीत सापडू शकतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. भांग, गांजा, चरस वापरणारे सुमारे ३.१ कोटी आहेत, आणि त्यांतले गांजा-चरसवाले सुमारे १.३ कोटी. आपल्या वस्त्यांत संसार कशाने मोडले हे वेगळं सांगायला नको. पण त्याची पट्टी कुणी लावत नाही.

समाजशास्त्रज्ञ एर्विंग गॉफमन यांनी १९६३च्या 'स्टिग्मा' या पुस्तकात कलंकाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकाचा डाग सगळ्यांना दिसतो. दुसऱ्याचा अजून उघड झालेला नसतो, आणि तो उघड होऊ नये म्हणून त्याला सतत सावध राहावं लागतं. आपल्या कितीतरी मुलांना ऑफिसात आडनाव आणि वस्तीचं नाव आधीच जपून सांगावं लागतं. त्यात ही दुसरी लपवाछपवी. मग रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की 'त्या वस्तीतले असेच' हे वाक्य तयारच असतं. सवर्ण मॅनेजरच्या मुलाच्या बाबतीत त्याच रिपोर्टला 'कॉलेजचं वय' म्हणतात.

कायदा कुठे पकडतो, कुठे सोडतो

कंपनीची टेस्ट आणि पोलिसांचा गुन्हा या वेगळ्या गोष्टी आहेत, पण गांजाचं सेवन हा गुन्हा आहे हे विसरू नका. एनडीपीएसच्या कलम २७ खाली त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून एचआरने पुढे सरकवलेल्या कोऱ्या किंवा न वाचलेल्या 'कबुली'वर सही करू नका. वाचायला वेळ मागा, प्रत मागा, वकिलाला किंवा युनियनला दाखवा. खोटं बोलू नका, पण भीतीपोटी सही करणं म्हणजे खरं बोलणं नव्हे.

याच कायद्यात कलम ६४-अ आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेली व्यसनाधीन व्यक्ती सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून उपचाराला गेली आणि तिने उपचार पूर्ण केले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. गांजाचं अल्प प्रमाण म्हणजे एक किलोपर्यंत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अंमली पदार्थांच्या गैरवापरामुळे होणारे त्रास मानसिक आजारात धरले आहेत आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. उपचाराला गेलात म्हणून दवाखाना परस्पर कंपनीला कळवू शकत नाही.

शिक्षा की शिक्षण

काही तरुण वाद घालतात की पाचव्या शीलात दारूची नावं आहेत, गांजाचं नाही. शीलाचा रोख 'पमाद' या शब्दावर आहे. पमाद म्हणजे भान सुटणं, गाफीलपणा. ज्याने भान सुटतं ते त्यात आलं, मग ते बाटलीत असो की चिलमीत. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही मद्यापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा आहे. त्यामागे घर, पगार आणि मुलांचं शिक्षण दारूत वाहून जाताना पाहिलेल्या समाजाचा अनुभव होता. तेव्हा पळवाट शोधू नये.

पण मला जास्त बोलायचं आहे ते दुसऱ्या बाजूशी. टेस्टमध्ये सापडलेल्या मुलाला मंडळाच्या ग्रुपवरून काढून टाकणारे, जयंतीच्या बैठकीत त्याच्या आईला ऐकवणारे. शीलाला पालीत 'सिक्खापद' म्हणतात. तिथला सिक्खा हा शब्द शिकण्याचा आहे. मराठीत आपण शिक्षा म्हणजे दंड समजतो आणि शीलाचाही दंडुका करतो. पंचशील आपण एकदाच घेऊन कपाटात ठेवत नाही, दर वंदनेला पुन्हा घेतो. पुन्हा घ्यावं लागतं, कारण माणूस घसरतो.

ड्रग टेस्टच्या भीतीत एक उपयोगाची गोष्ट असते. माणूस तारखा मोजायला लागतो. रोज ओढणाऱ्याला त्याच वेळी कळतं की चार दिवसही थांबणं जमत नाहीये. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात चिडचिड, झोप उडणं, भूक न लागणं, घाम, विचित्र स्वप्नं हे सगळं होतं. दोन-तीन आठवड्यांत ते ओसरतं. आपल्याकडे गांजा तंबाखूत मिसळून ओढतात, म्हणून निकोटिनची तलफही सोबत येते; ती गांजाचीच समजून मुलं हार मानतात. घरात कुणाला मानसिक आजार असेल, किंवा कानात आवाज येणं, सगळे माझ्यावर नजर ठेवतात असं वाटणं सुरू झालं असेल, तर वाट न बघता मानसोपचार डॉक्टरांकडे न्यावं.

कार्यकर्त्यांसाठी काम एवढंच आहे. ज्या कंपनीत किंवा ठेकेदाराकडे वस्तीतली पाच-दहा मुलं जातात, तिच्याकडे टेस्टचं लेखी धोरण मागा. टेस्ट कुणाची आणि केव्हा होते, नमुना मुलासमोर सील होऊन त्यावर त्याची सही घेतात का, कन्फर्मेटरी टेस्ट होते का, रिपोर्टची प्रत मिळते का, पहिल्यांदा सापडल्यास उपचाराची संधी आहे का. एकट्या मुलाने विचारलं तर त्याच्यावरच संशय येतो. युनियनने किंवा संघटनेने पत्र दिलं की उत्तर द्यावं लागतं. विहारात रविवारी धम्मवर्गानंतर अर्धा तास या विषयाला द्या, आणि त्या अर्ध्या तासात नावं विचारू नका.

मदतीचे नंबर फलकावर लावा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत. पुण्यात १९८६पासून चालणारं मुक्तांगण आहे. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. तिथे केस पेपरच्या खिडकीवर फक्त 'मानसोपचार' एवढंच सांगावं लागतं, बाकीचं आत गेल्यावर डॉक्टरांना सांगायचं. पहिल्या दिवशी कुणीतरी सोबत गेलं तर मुलगा खिडकीवरून परत फिरत नाही.